मागच्या सीटची साक्ष

त्या मिस्त्र्याने मोटारीचं तोंड कधी नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. लालबागेतल्या त्याच्या शेडपाशी गाडी थांबली की हा तिच्या मागे जायचा, उकिडवा बसायचा, चाकांच्या मधून खाली डोकं घालायचा आणि तिथूनच बोलायला लागायचा. गाडी कुठल्या कंपनीची, केवढ्याची, ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. "ती हिरवी, डाव्या अंगाक बसलेली," किंवा "ती डॉक्टरांची, कुरकुरणारी," एवढीच त्याची ओळख. माणसांचंही तेच. समोरून कोणी नमस्कार केला तर गोंधळायचा. माझ्या भावाला तो चार-पाच महिने ओळखत होता, आणि एकदा गिरगावात समोरासमोर येऊन सरळ पुढे निघून गेला. दहा पावलं गेल्यावर त्याने मागे वळून भावाची पाठ बघितली आणि म्हणाला, "अरे, ह्ये तर आमचे साहेब."

मूळचा मालवणकडचा. गिरणीच्या लोहारखात्यात वीसेक वर्षं काढून तो बाहेर पडला होता आणि मोटारींचे पाटे करायचा. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या आसावर एकावर एक रचलेल्या पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या. गाडीच्या मागच्या अंगाचं ओझं त्यांच्यावर. गाडी मऊ चालते की आपटते, वळणावर झोपते की ताठ राहते, हे सगळं ह्या पाट्यांवर आणि त्यांच्या जोडीच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवर. मिस्त्री त्याला 'शाकप' म्हणायचा. मला हे सगळं त्यानेच शिकवलं, नाहीतर मला मेलीला काय ठाऊक असणार. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते.

प्रत्येक पाटा तो रॉकेलने धुऊन तारेला टांगायचा, लहान हातोडीने एक टोला द्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. नाद आवडला नाही की पाटा भंगारात, मग गिऱ्हाईक कितीही विनवण्या करो. भट्टीत तापवून वाकवायला त्याचा सक्त विरोध. "तापवलेल्याचो स्वभाव जाता," म्हणायचा. थंड पाटा ठोकून ठोकून हवा तसा करायचा, एकेकाला दीड दीड दिवस लागायचा. आणि एवढं सगळं करणारा हा गृहस्थ स्वतः मोटारीत कधी बसला नाही. कुठेही जायचं तर चालत. कोणी विचारलं तर सांगायचा, "माका भय वाटता." त्यात त्याला कसली लाज वाटत नसे.

मला मात्र वाटायची. मी जन्माची भित्री. लिफ्टची भीती, स्टोव्हची भीती, वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याची भीती, पोस्टमनने तार आणली की ती उघडायची भीती. फणसवाडीतल्या आमच्या घरात माझ्या भित्रेपणावर जेवताना रोज एक तरी विनोद व्हायचा, आणि तो करायचा भाई. भाई माझा सख्खा थोरला भाऊ. बॅलार्ड इस्टेटमध्ये एका कंपनीत इंजिनीअर, दिसायला देखणा, अंगात मस्ती भरलेली. विलायतेला परत चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्याने दोन दरवाज्यांची लहानशी मोटार घेतली होती. ती पळायची जोरात, पण वळणावर मागून कलायची. भाईला ती सुधारून घ्यायची होती. विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर तेव्हा रविवारी मोटारींच्या शर्यती होत, तिथे त्याला उतरायचं होतं.

मिस्त्र्याने गाडी मागून बघितली आणि म्हणाला, "करतंय. पण एक गोष्ट. काम झाल्यावर गाडी फिरवून बघताना मागच्या सीटवर तुमच्या घरचा माणूस बसाक व्हया. आणि भितरा बसाक व्हया."

हा त्याचा नियम होता आणि तो त्याने कोणासाठी मोडला नाही. एका शेटजींनी आपला पहारेकरी आणून बसवला, सहा फूट उंच, मिशीवाला. मिस्त्र्याने त्याला पाठमोरा उभा केला, न्याहाळला आणि परत पाठवून दिला. "ह्येका भय म्हायतच नाय. ह्येका बसवलंय काय नि गोणी बसवलंय काय, सारख्याच." का म्हणून विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं असे: "पुढच्याच्या हातात चाक आसता. हातात कायतरी आसला की माणसाक भय कळना नाय. खरा ता मागच्याक कळता."

वहिनीला नुकतेच दिवस गेले होते, आईने तर ह्या गाडीत पाऊल टाकायचं नाकारलं होतं. राहिले मी. भाई मला जवळजवळ उचलूनच घेऊन गेला. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे एक लांबलचक सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला काटकोनात वळण. भाईने तिथून गाडी दोनदा फिरवली. मी डोळे मिटून खिडकीवरचा पट्टा धरून बसले होते, आणि परत आलो तेव्हासुद्धा तो सोडला नव्हता. मिस्त्र्याने भाईला लांब चहाच्या दुकानात पिटाळलं. मग माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाय, भय खय बसला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कुणी भीतीबद्दल थट्टा न करता विचारतं आहे, हेच नवीन होतं. मी म्हटलं, "पोटात. आणि थोडी मानेत."

"पोटात इला तर ता वेगाचा. ता चलात," तो भिंतीला सांगत होता. "मानेत इला तर शाकप ढिलो आसा, ता मी करतंय. पण बसतास त्या जाग्यात इला, खालची जमीन कोणी बाजूक ओढल्यासारखा, तर गाडी माज्या दारातून भायर जाऊची नाय. त्या भयाक माणूस मरता."

त्याने शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल बदललं, आणखी काय काय आवळलं, आणि पुन्हा फिरवायला सांगितलं. खरंच, मानेतली भीती गेली होती. मी तसं सांगितल्यावर तो पहिल्यांदाच खुशीत आल्यासारखा दिसला, म्हणजे त्याची पाठ तशी दिसली.

तेव्हापासून लालबागेत माझ्या भित्रेपणाची कीर्ती झाली. भाईच्या दोन मित्रांच्या गाड्या त्याच्याकडे आल्या, तर त्यांच्यासाठीसुद्धा त्याने मलाच बोलावणं पाठवलं. घरचंच माणूस हवं हा आपला नियमही त्याने माझ्यापुरता गुंडाळून ठेवला. दर वेळी जाताना कागदात बांधलेली आमसुलं द्यायचा. एकदा म्हणाला, "असा भय शंभरात एकाक आसता. जपा ता." भाई हसून हसून बेजार झाला. मी नाही हसले. आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी तरी कामाचं माणूस समजलं होतं, आणि तेही जिच्यापायी मी मान खाली घालून वावरायची, त्याच गोष्टीसाठी.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. शाळा धड आठवडाभर सलग चालत नसे. सकाळी मोर्चा, दुपारी दगडफेक, संध्याकाळी कर्फ्यू. आमच्या वाडीच्या तोंडाशी अश्रुधूर सोडला की आई ओल्या फडक्याने सगळ्यांचे डोळे पुसत बसायची. गोळीबार कुठे झाला, कोण गेलं, हे माणसं जिन्यात उभं राहून कुजबुजत सांगायची. मी रात्र रात्र जागी राहायची. मुंबई आपल्याला मिळायलाच हवी असं मलाही वाटायचं, मनापासून वाटायचं, पण रस्त्यात एखादा टायर फुटला तरी मी बाकाखाली जायची. मिस्त्र्याचा एकुलता एक मुलगा, एकोणीस-वीस वर्षांचा, गिरणीत लागला होता आणि प्रत्येक मोर्चात पुढे असायचा. मिस्त्री त्याच्याविषयी बोलत नसे. फक्त लांबून घोषणा ऐकू आल्या की हातोडी खाली ठेवायचा, आणि आवाज विरला की पुन्हा उचलायचा.

अशातच भाईच्या डोक्यात शर्यतीने ठाण मांडलं. मिस्त्र्याने गाडीला एक जास्तीचा पाटा घातला होता आणि ती छान चालत होती. भाईला आणखी एक हवा होता. मागचं अंग एकदम ताठ झालं पाहिजे, म्हणे. मिस्त्री म्हणाला, पुढचा मऊ आणि मागचा दगड, अशी गाडी वळणावर शेपूट फिरवते. भाईने वाद घातला, इंग्रजी मासिक दाखवलं, शेवटी हट्टाला पेटला. मिस्त्री मासिक मिटून ठेवत म्हणाला, "घालतंय. पण बाय सांगतली तसा."

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, भाई मला घेऊन गेला. त्या दिवशी मोठा मोर्चा होता. सकाळी निघताना रस्ते नुसते सुनसान, दुकानं बंद, गॅलऱ्यांतून काळी निशाणं. लालबागेत पोचेपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाटे चढवून झाले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तेवढ्यात शेजारचा विडीवाला धावत आला आणि म्हणाला, परळच्या नाक्यावर गोळी चालली, नायगावात धरपकड सुरू आहे, चारपासून कर्फ्यू लागतोय. मिस्त्र्याने हातातला पाना खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. भाई म्हणाला, "एक फेरी. दहा मिनिटांत येतो. बस मागे."

कॉटन ग्रीनच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गोदामांचे सगळे दरवाजे लावलेले. भाईने गाडी अशी सोडली की माझं डोकं मागे आपटलं. मग ते वळण आलं.

ते मी आजही सांगू शकते. गाडीचं पुढचं अंग वळलं आणि मागचं वळलंच नाही. मी बसले होते ती जागा गाडीची राहिलीच नव्हती. ती आपल्या वाटेने निघाली होती, आडवी, गोदामाच्या भिंतीकडे, आणि तिच्यात मी एकटी होते. पुढे भाई शीळ घालत होता. त्याने चाक उलटं फिरवलं, गाडी झटका देऊन सरळ झाली, आणि तो मागे वळून म्हणाला, "बघितलंस, कशी चिकटून जाते?" त्याला काहीसुद्धा कळलं नव्हतं. पट्टा मी एवढा घट्ट धरला होता की तळहाताला त्याचे वळ उठले होते.

शेडमध्ये परत आलो. भाई बाहेर थांबला. मिस्त्री नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "बाय, भय खय बसला?"

त्याच वेळी लांबून दोन आवाज आले. थांबून आणखी एक. मी कधी ऐकले नव्हते, तरी ते कसले हे मला लगेच कळलं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. खरं सांगितलं तर हा पाटे पुन्हा उतरवणार, त्यात तीन तास जाणार, कर्फ्यू लागणार, आणि आम्ही रात्रभर ह्या शेडमध्ये अडकणार, गोळ्या चालतायत तिथून दोन रस्त्यांवर. मला घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मी म्हटलं, "पोटात. नेहमीसारखीच."

मिस्त्री वळला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने समोरून माझ्याकडे बघितलं, आधी तोंडाकडे आणि मग हाताकडे. मी मूठ मिटली. मग तो म्हणाला, "बरा." बाहेर जाऊन त्याने भाईला किल्ली दिली. आम्ही गाडी वळवतोय तोवर त्याने शेडची फळी लावूनसुद्धा टाकली होती.

रात्री मी भाईला सांगायला तीनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत वहिनी त्याच्या शर्टाचं बटण लावत होती आणि दोघं हसत होती. मी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, झालं हिचं सुरू. हेच म्हणाला असता. पण निदान मी सांगितलं असतं. मी परत येऊन झोपले.

रविवारी सकाळी कर्फ्यू उठताच भाई निघाला, पण धावपट्टीपर्यंत पोचलाच नाही. वरळीच्या समुद्राकाठच्या वळणावर गाडी मागून फिरली आणि कठड्यावर आदळली. मागची सीट रिकामी होती. डाव्या पायाचा गुडघ्याखाली चेंदा झाला होता, डॉक्टरांनी तो त्याच दिवशी कापला. भाई बत्तीस वर्षांचा होता आणि वहिनीला सातवा महिना होता.

शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते मिस्त्र्याविषयी. त्या येड्याने पाटे बिघडवले. मित्रांनी ते उचलून धरलं. दुसरा पाटा कोणी मागितला होता, हे कोणाला आठवत नव्हतं, आणि मागच्या सीटवर कोण बसलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्री इस्पितळात आला, लालबागेहून चालत. धुतलेला सदरा घालून, हातात कागदाची पुडी घेऊन तो दारात उभा राहिला. भाईच्या एका मित्राने त्याला खांद्याला धरून बाहेर ढकललं आणि नको ते बोलला. मिस्त्र्याने पुडी दाराशी ठेवली. मी खोलीतच होते. हातात दुधाचा थर्मास होता, त्याचं झाकण मी लावत होते, आणि लावतच राहिले. तो निघाला तेव्हा त्याची पाठ मला जिन्याच्या वळणापर्यंत दिसली. तेव्हा हाक मारायला काय जात होतं माझं? पण सगळे माझ्याकडे बघतील, ह्या भीतीने मी ती मारली नाही.

त्याच्याकडे चांगल्या गाड्या यायच्या बंद झाल्या. लॉऱ्या आणि हातगाड्या तेवढ्या राहिल्या. पाच-सहा महिन्यांनी जरा शांत झाल्यावर मी एकटी लालबागेत गेले. घरून निघताना सांगायचं पाठ केलं होतं. तो एका लॉरीखाली होता. बाहेर आला, मला बघितलं आणि सवयीने भिंतीकडे वळला. मी त्याच्या पाठीला सांगितलं, की मी त्या दिवशी खोटं बोलले.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "तुमचो हात मी बघितलंय तेवाच."

"मग किल्ली का दिलीत?"

त्याने हातांचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग म्हणाला, "झील भायर होतो. सकाळपासून. म्हटलंय, ही गाडी गेली की फळी लावतंय नि तेका बघूक जातंय. पाटे काढूक बसलंय आसतंय तर तीन तास." मुलगा त्या रात्री परत आला होता, डोक्याला टाके पडून, पण चालत आला होता. "तुमका घराक जावचा होता, माका झिलाक बघूचा होता. साहेबाचो पाय आपण दोगांनी घेतलो."

मी म्हटलं, मी भाईला सगळं सांगते, तुमचं नाव तरी सुटेल. तेव्हा तो वळला. "नको. सांगू नकात. झिलाच्या कानार गेला तर तेका वाटतला, माज्यापायी एका माणसाचो पाय गेलो. तेका अजून जगाचा आसा." आणि मग विचारलं, "साहेब चलतत काय आता?"

मी म्हटलं, हो, कुबडीवर. त्याने मान हलवली आणि पुन्हा लॉरीखाली गेला. परत येताना मला हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही. भित्र्या माणसाला गप्प राहायला कोणी तरी सांगितलेलं हवंच असतं. त्या एका विनवणीवर मी पुढची सगळी वर्षं काढली. मिस्त्री गेला, आणि पुष्कळ वर्षांनी त्याचा मुलगाही गेल्याचं कळलं. कोणाला जपायचं असं आता कोणी उरलं नव्हतं.

भाई मात्र भरपूर जगला. लाकडी पाय, मोठा आवाज आणि आयुष्यभर सांगितलेली एकच गोष्ट: लालबागेतल्या त्या चक्रम मिस्त्र्याची, जो गाडीचं तोंड बघत नसे आणि ज्याने चांगल्या गाडीची वाट लावली. नातवंडं ती ऐकून खिदळायची. जायच्या आधी महिनाभर, त्याच्या वाढदिवसाला, त्याने ती पुन्हा सांगितली. सगळी जमली होती. शेवटाला येऊन त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "हिला विचारा. ही होती मागे बसलेली. सांग गं यांना, कसा होता तो."

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. मिस्त्रीच तसला होता."